समोर कोण होता?

१९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या पाच मुष्टियोद्ध्यांनी सुवर्णपदके जिंकली : शुगर रे लेनर्ड, मायकेल स्पिंक्स, लिऑन स्पिंक्स, लिओ रँडॉल्फ आणि हॉवर्ड डेव्हिस. स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट मुष्टियोद्ध्याला दिला जाणारा व्हॅल बार्कर करंडक डेव्हिसला मिळाला. पुढे या पाचांपैकी चौघे व्यावसायिक जगज्जेते झाले. राहिला तो डेव्हिस. त्याला तीनदा संधी मिळाली : १९८० मध्ये ग्लासगोत जिम वॉटविरुद्ध, १९८४ मध्ये एडविन रोसारिओविरुद्ध आणि १९८८ मध्ये बडी मॅकगर्टविरुद्ध. तिन्ही लढती तो हरला. करंडक देणाऱ्यांची नजर चुकली होती असे मात्र नाही. डेव्हिसच्या हातांचा वेग खराच होता. त्या वेगावरून पुढच्या बारा वर्षांचा अंदाज बांधता येत नव्हता, एवढेच.

उद्याचा श्रेष्ठ मुष्टियोद्धा कोण, हा प्रश्न क्रीडालेखकांपुढे सतत येतो. त्याआधी श्रेष्ठ कुणाला म्हणायचे ते ठरवावे लागते. पुरुषांच्या व्यावसायिक मुष्टियुद्धात परंपरेने १७ वजनगट आहेत आणि डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ व डब्ल्यूबीओ या चार मुख्य संघटना. म्हणजे एका वेळी ६८ जगज्जेतेपदे असू शकतात. इतके पट्टे असताना नुसत्या ‘जगज्जेता’ या बिरुदावरून फारसे काही कळत नाही. वजनाचा फरक बाजूला ठेवून सगळ्यांना एका यादीत बसवणारी ‘पाउंड फॉर पाउंड’ क्रमवारी त्यापेक्षा कठोर आहे. हा शब्दप्रयोग शुगर रे रॉबिन्सनच्या नावाशी जोडला गेला, आणि १९२२ मध्ये सुरू झालेल्या ‘द रिंग’ मासिकाच्या यादीला आज मोठा मान आहे. भाकीत करायचे ते या यादीचे. पट्ट्याचे भाकीत सोपे आहे.

हौशी स्पर्धांतील पदक हा सर्वांत जास्त वापरला जाणारा निकष. पदकाने एक गोष्ट खात्रीने कळते : या मुलाला रिंगची भाषा येते. पण हौशी लढत तीन फेऱ्यांची असते आणि जगज्जेतेपदाची बारा फेऱ्यांची. तीन फेऱ्यांत दम राखून ठेवावा लागत नाही. बरगड्यांखाली बसलेल्या ठोशाचा परिणाम सातव्या-आठव्या फेरीत दिसतो, आणि हौशी लढत तोवर केव्हाच संपलेली असते. गुण देण्याच्या पद्धतीनेही निकाल वाकतो. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये रॉय जोन्सने अंतिम लढतीत पार्क सी-हुनवर उघड वर्चस्व गाजवले, तरी ३-२ असा निर्णय यजमान खेळाडूच्या बाजूने गेला. त्यानंतर बार्सिलोनापासून संगणकावर कळ दाबून गुण देण्याची पद्धत आली. तिच्यात पटकन स्पर्श करून मागे सरणाऱ्याला फायदा मिळू लागला आणि अंगात मुरणाऱ्या ठोशाला वेगळी किंमत राहिली नाही. इव्हँडर होलिफिल्डला १९८४ मध्ये आणि फ्लॉइड मेवेदरला १९९६ मध्ये कांस्यच मिळाले. टेरेन्स क्रॉफर्ड ऑलिम्पिकला गेलाही नाही. त्याने पुढे तीन वजनगटांत निर्विवाद जगज्जेतेपद मिळवले.

महिलांच्या मुष्टियुद्धात पदकावर अधिक भरवसा ठेवता येतो. तिथे व्यावसायिक खेळाडूंची संख्या कमी असल्याने वरच्या दर्जाची हौशी खेळाडू लवकर शिखरापर्यंत पोहोचते. क्लॅरेसा शील्ड्सने १७ व्या वर्षी लंडनमध्ये आणि नंतर रिओमध्ये सुवर्ण जिंकले, आणि त्यावरून केलेले भाकीत खरे ठरले.

दुसरा निकष अपराजित राहण्याचा. जाणत्या लेखकांचीही सर्वाधिक फसगत इथेच होते. नवोदित व्यावसायिकाच्या पहिल्या दहा-पंधरा लढती मॅचमेकर जुळवतो. समोर येणारा बहुधा थोड्या दिवसांच्या सूचनेवर आलेला असतो. तो दुसऱ्याच्या गावात लढतो आणि त्याच्या नावावर विजयांपेक्षा पराभव जास्त असतात. यात लबाडी असतेच असे नाही. तरुणाला पायरी पायरीने वर चढवण्याची ती रीत आहे. पण अशा आकड्यांवरून श्रेष्ठत्व ठरवणे म्हणजे जोड न पाहता कुस्तीचे मोल करणे. जोड तोडीची होती का, हे कोल्हापूरकडच्या फडात शेंगा विकणारा पोरगाही आधी विचारतो. मुष्टियुद्धाच्या बातमीत मात्र ‘सलग बारावा विजय’ एवढेच ठळक छापले जाते आणि हरलेल्याचे नाव शेवटच्या ओळीत जाते, कधी कधी गाळलेच जाते.

विजेंदर सिंगचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. २००८ मध्ये बीजिंगला त्याने कांस्य जिंकले. मुष्टियुद्धातले ते भारताचे पहिले ऑलिम्पिक पदक. २०१५ मध्ये, तिशी उंबरठ्यावर असताना, तो व्यावसायिक झाला. पहिल्या बारा लढती त्याने जिंकल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत वरळीला चीनच्या झुल्पिकार मैमैतीअलीवरचा विजय त्यांतलाच. मार्च २०२१ मध्ये पणजीला मांडवीतल्या जहाजाच्या गच्चीवर उभारलेल्या रिंगमध्ये रशियाच्या आर्तीश लोप्सानने त्याला पाचव्या फेरीत थांबवले. विजेंदरचे देशाच्या मुष्टियुद्धावरचे ऋण या पराभवाने तसूभरही कमी होत नाही. पण भाकितासाठी दोन गोष्टी आधीच डोळ्यांसमोर होत्या : व्यवसायात यायचे वय आणि त्या बारा प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा. जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या दहांपैकी एकाशीही त्याची गाठ पडली नव्हती.

प्रतिस्पर्ध्याच्या दर्जाचा हिशेब गणिताने मांडता येतो. संगणकीय क्रमवारीचे मूळ तत्त्व साधे आहे : बलवानाला हरवले तर गुण जास्त, दुबळ्याला हरवले तर नाममात्र. अडचण आकड्यांच्या तुटपुंजेपणाची आहे. फलंदाज वर्षाला डझनांनी डाव खेळतो, तर वरच्या दर्जाचा मुष्टियोद्धा वर्षाला दोन-तीनदाच रिंगमध्ये उतरतो. शिवाय एकाच देशात आपसांत लढणाऱ्यांचा गट बाहेरच्यांशी भिडत नाही, तोवर त्या गटाची खरी पातळी कोणत्याच गणिताला कळत नाही. म्हणून शेवटी लढत डोळ्यांनी पाहावीच लागते, आणि पाहायचे ते मुष्टियोद्धा अडचणीत सापडल्यावर काय करतो ते.

७ नोव्हेंबर २०१९ ची सैतामा येथील लढत याचा उत्तम धडा आहे. जपानचा नाओया इनोउए तेव्हा २६ वर्षांचा होता. त्याच्या बहुतेक लढती पहिल्या काही फेऱ्यांतच संपत. दुसऱ्या फेरीत नोनितो दोनायरचा डावा हुक त्याच्या उजव्या डोळ्यावर बसला. पापणी फाटली, खोबणीचे हाड मोडले आणि त्याला समोर दोन दोनायर दिसू लागले. त्याने उजवा ग्लोव्ह त्या डोळ्यापुढे धरला. बचाव झाला आणि दुसरी प्रतिमाही झाकली गेली. पुढच्या दहा फेऱ्या तो असाच लढला, जॅबवर लढत सावरत गेला, आणि अकराव्या फेरीत पोटातल्या डाव्या ठोशाने दोनायरला गुडघ्यावर आणले. निकाल गुणांवर लागला. इनोउएच्या आधीच्या सगळ्या झटपट नॉकआउटांपेक्षा भाकितासाठी ही एक लढत मोलाची होती. पुढे तो बँटमवेट आणि सुपर बँटमवेट या दोन्ही गटांत निर्विवाद जगज्जेता झाला. मे २०२४ मध्ये टोकियो डोममध्ये लुईस नेरीने त्याला पहिल्याच फेरीत खाली पाडले, तेव्हा तो घाईने उठला नाही. पंचांची मोजणी ऐकत श्वास घेतला, मग उभा राहिला आणि सहाव्या फेरीत लढत संपवली.

हीच कसोटी पराभवानंतरच्या महिन्यांना लावता येते. बर्नार्ड हॉपकिन्स १९८८ मध्ये पहिलीच व्यावसायिक लढत हरला. पुढे त्याने मिडलवेटचे जगज्जेतेपद वीस वेळा राखले आणि २०११ मध्ये ४६ व्या वर्षी पुन्हा जगज्जेता झाला. व्लादिमिर क्लिचकोला २००३ मध्ये कोरी सँडर्सने आणि २००४ मध्ये लॅमन ब्रुस्टरने नॉकआउट केले, तेव्हा अनेकांनी त्याचे नाव यादीतून खोडले. प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्डने त्याची लढत लांब जॅबभोवती नव्याने बांधली आणि २००६ ते २०१५ तो हेवीवेटच्या शिखरावर राहिला. मॅनी पॅक्विआओ १९९९ पर्यंत दोनदा नॉकआउट झालेला, जवळजवळ डाव्या हातावरच विसंबणारा लढवय्या होता. २००१ मध्ये तो फ्रेडी रोचकडे गेला, त्याचा उजवा हात घडला आणि त्याने आठ वजनगटांत जगज्जेतेपदे मिळवली. तरुण मुष्टियोद्ध्यावर लिहिताना त्याचा वस्ताद कोण, आणि बदलायला सांगितले तर तो बदलतो का, याची चौकशी म्हणून आवश्यक ठरते.

शरीराची वाढ, हाताच्या दुखापती, प्रवर्तकांशी झालेले करार यांचा अंदाज थोडाफार बांधता येतो. अपघाताचा येत नाही. मेक्सिकोचा साल्वादोर सांचेझ २१ जुलै १९८२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये फेदरवेटचे डब्ल्यूबीसी जगज्जेतेपद राखायला उतरला. समोर आयत्या वेळी बोलावलेला घानाचा तरुण होता, फक्त तेरा व्यावसायिक लढतींचा अनुभव असलेला. त्याने सांचेझला पंधराव्या फेरीपर्यंत झुंजवले आणि मग हरला. तीन आठवड्यांनी, १२ ऑगस्टला, मोटार अपघातात सांचेझ गेला, वय २३. घानाच्या त्या तरुणाचे नाव अझुमा नेल्सन. डिसेंबर १९८४ मध्ये विल्फ्रेडो गोमेझला अकराव्या फेरीत हरवून त्याने सांचेझचा तोच पट्टा जिंकला, आणि आफ्रिकेच्या सर्वश्रेष्ठ मुष्टियोद्ध्यांत आज त्याचे नाव घेतले जाते.