बाळाच्या वडिलांचा रकाना रिकामा राहिला तर



गरोदरपणाच्या पहिल्या भेटीत इथल्या दवाखान्यात लांबलचक फॉर्म हातात पडतो. बाळाच्या वडिलांचा रक्तगट कोणता, त्यांच्या घरात कोणते आजार? पण कुणाचा घटस्फोट झालेला असतो, कुणाचा संपर्क तुटलेला असतो, कुणाचा नवरा स्वतःच दत्तक आलेला असतो. मग आठवेल तसं काहीतरी लिहिलं जातं. तसं करू नका. ‘माहीत नाही’ असं सरळ लिहा. डॉक्टरांना तेवढं पुरतं.

आपल्याकडे नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला की काही घरांत नाकं मुरडतात. त्याला काही आधार नाही. खरी काळजी असते आई आरएच निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तेव्हा. असं बाळ तो गुण वडिलांकडून घेतं. बाळाचं थोडं रक्त, विशेषतः बाळंतपणात, आईच्या रक्तात मिसळलं की तिच्या शरीरात त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार होऊ शकतात. पहिलं बाळ बहुधा सुखरूप असतं. पुढच्या पॉझिटिव्ह बाळाच्या तांबड्या पेशी मात्र त्या फोडतात. बाळाला तीव्र अ‍ॅनिमिया होतो, कावीळ होते, पोटातच दगावूही शकतं.

यावरचं इंजेक्शन अमेरिकेत १९६८ साली आलं. न्यूयॉर्कचे डॉक्टर फ्रेडा आणि गोरमन, आणि त्यांच्याबरोबर पोलॅक, यांच्या संशोधनातून ते तयार झालं. भारतात त्याला अँटी-डी म्हणतात, इथे बऱ्याच जणी रोगॅम म्हणतात. ते साधारण २८व्या आठवड्यात देतात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा. वडिलांचा गट ठाऊक नसेल तर ते पॉझिटिव्ह आहेत असं धरूनच चालतात. आपल्या लोकांत निगेटिव्ह गट शंभरात पाचेक जणांचाच, त्यामुळे हे धरणं बहुतेक वेळा बरोबरही ठरतं. आणि इंजेक्शन विनाकारण दिलं गेलं तरी सहसा बिघडत नाही. बिघडतं ते ‘तोही निगेटिव्हच होता बहुतेक’ असं लिहून ते टळलं तर. आता आईच्याच रक्तावरून पोटातल्या बाळाचा आरएच कळू शकतो. तशी तपासणी मिळेल का, जरूर विचारा.

आजारांच्या इतिहासाचंही बरंचसं तसंच. थॅलेसेमिया किंवा सिकलसेलसाठी आधी आईचीच रक्ततपासणी होते. ती वाहक नसेल तर वडिलांकडचं काही कळलं नाही तरी बाळाला त्यांचा गंभीर प्रकार सहसा होत नाही. ती वाहक निघाली, तर जेनेटिक काउन्सेलरकडे पाठवा म्हणून स्वतःहून सांगा. बाळ डोनरच्या मदतीने होणार असेल, तर स्पर्म बँकेकडे त्याचा रक्तगट आणि वाहक-तपासणीचे अहवाल मागा; बहुधा मिळतात.

वडिलांच्या रकान्यापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती आईच्या न सांगितलेल्या गोष्टींची. आधीचा गर्भपात, मग तो आपोआप झालेला असो की करून घेतलेला, भारतात कधी चढवलेलं रक्त, तेव्हा अँटी-डी घेतलं होतं की नाही, हे सगळं निगेटिव्ह बाईने सांगायलाच हवं. अँटीबॉडी एकदा तयार झाल्या की त्या इंजेक्शनाचा उपयोग नसतो. मग बाळावर सतत लक्ष ठेवावं लागतं. सासूबाई किंवा नवरा खोलीत असताना बोलणं जड जात असेल, तर नर्सला म्हणा, मला डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय. इथे तशी सोय करून देतात.