मुक्या जीवांची ओळख



घोड नदीकाठच्या शिरूरवरून पुणे-अहिल्यानगर महामार्ग जातो. भीमेकाठचे दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. अशा रहदारीच्या गावी दावे तोडून निघालेली गाय वा फटाक्यांनी भेदरलेला कुत्रा वाट चुकला, तर त्याला आपले घर सांगता येत नाही. कोंडवाड्यात गेलेल्या जनावराचा धनी मुदतीत न आल्यास त्याचा लिलाव होतो. पुढे ते कोणाच्या हाती पडेल, याची शाश्वती नसते. म्हणून ओळख हाही जीवदयेचाच विषय होय.

पूर्वी तापल्या लोखंडाचा डाग देऊन जनावर ओळखीचे करीत. आज गाई-म्हशींच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला लावतात. त्या क्रमांकावरून ‘भारत पशुधन’ प्रणालीत मालकाची नोंद सापडते. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ल्यावाचून जनावरांची खरेदी-विक्री व वाहतूक करण्यास मनाई आहे.

येथे श्रावकाच्या मनात शंका उठते. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘छेद’ आहे आणि आचार्य पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’त त्याचा अर्थ सांगताना कानाचाच प्रथम उल्लेख केला आहे. मात्र तेथे अवयव काढून टाकणे अभिप्रेत आहे. बिल्ल्याने छिद्र पडते, अवयव जात नाही. तरीही वेदना होतेच, ती नाकारणे प्रामाणिकपणाचे नव्हे. म्हणून बिल्ला जाणत्या हातांनी, निर्जंतुक साधनाने, शीर टाळून लावावा आणि जखम भरेपर्यंत कानाची निगा राखावी.

कुत्र्या-मांजरांसाठी दूरध्वनी क्रमांक कोरलेला गळपट्टा हा वेदनारहित उपाय. पण तो निसटू शकतो. तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप सुईने कातडीखाली बसविली की ती सहसा हरवत नाही. तीत १५ अंकी क्रमांक असतो व तो वाचण्यास स्कॅनर लागतो. प्राणी कोठे आहे, हे चिप सांगत नाही. धन्याचे नाव नोंदवहीतच असते. दूरध्वनी बदलला आणि नोंद तशीच राहिली, तर चिप असूनही घर दुरावते.

बिल्ला चुकलेल्याला घरी आणतो, तसाच भाकड म्हणून सोडून दिलेल्या गाईचा धनीही दाखवितो. यासाठी सापडलेले जनावर पांजरपोळात धाडण्यापूर्वी त्याचा कान पाहावा, कुत्र्याला पशुवैद्यकाकडे नेऊन चिप तपासावी. वाट पाहणारे एखादे घर आणि वाट चुकलेला एक जीव यांची गाठ घालून देणे, हेही अभयदानच आहे.

जय जिनेंद्र.