बोथट विळ्याचा हिशेब

(जिल्हा बैठकीतील भाषण)



उत्पादन खर्च मांडताना आम्ही बियाणे, खत, फवारणी, मजुरी सगळे धरतो. विळ्याने कापलेले बोट मात्र आम्ही कोणत्याच हिशेबात धरलेले नाही. ‘शेतीत एवढं चालायचंच’ म्हणतो, चिंधी बांधतो आणि पुन्हा पात धरतो.

ज्वारीची सोंगणी बघा. डाव्या मुठीत धाटे, उजव्या हातात विळा. विळा बोथट असला की जोर लावून ओढावा लागतो. तो निसटला की बोटांवर येतो, नाही तर नडगीवर. म्हणजे धारेच्या विळ्यापेक्षा बोथट विळ्याचे भय जास्त. सकाळी पाच मिनिटे कानस घेऊन बसलो, तर मेहनतही वाचते आणि बोटही.

कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की आम्ही ती पाण्यात बुडवून ठेवतो. लाकूड फुगते, दांडा घट्ट वाटतो. उन्हात वाळला की पुन्हा ढिला, आणि उडालेली कुऱ्हाड शेजारच्यावर जाते. नीट पाचर ठोका. दांडा तडकला असेल तर बदला. पऱ्हाटी तिरपी तोडली की तिचे खुंट पायात शिरतात. चिमट्याने मुळासकट उपटा.

तरी जखम झालीच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, स्वच्छ कापड दाबून धरा. तंबाखू, चुना, शेण भरू नका. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारा.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत २०२३ पासून थेट सानुग्रह अनुदान आहे. मृत्यू झाल्यास २ लाख, एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये. पण ते खातेदाराला आणि त्याच्या घरच्या एका माणसाला. आपल्या रानात रोजाने येणाऱ्या भूमिहीन बाईचे नाव सातबाऱ्यावर नसते. तिला त्यातले काही नाही.

म्हणून या बैठकीत आपण एवढे ठरवू. बोथट विळ्याने कोणाला पात धरायला लावणार नाही. आपल्या रानात जखम झाली, तर दवाखाना आणि त्या दिवसाचा रोज आपण देऊ. आपल्या घामाचा हिशेब मागायचा असेल, तर तिच्या बोटाचा हिशेब आधी आपणच द्यायला हवा.