यात्रेत हरवणारी माणसे आणि संघाचे कर्तव्य

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



पन्नास वर्षे हा संस्थेच्या जीवनात जसा आनंदाचा, तसाच आत्मपरीक्षणाचा टप्पा असतो. ज्या पिढीने घरोघरी फिरून वर्गणी गोळा केली, मंदिराच्या बांधकामावर स्वतः पाट्या उचलल्या आणि गावातून तीर्थयात्रेची पहिली गाडी काढली, ती पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. एके काळी इतरांना यात्रा घडवणारे हात आज स्वतः आधार शोधत आहेत. म्हणून या मंगल प्रसंगी एका अप्रिय, पण टाळता न येणाऱ्या विषयाचा विचार होणे अगत्याचे आहे. तो विषय म्हणजे स्मृतिभ्रंश झालेली वृद्ध व्यक्ती प्रवासात हरवणे.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. तो कोणा एका घराचा नाही. अनेक घरांना लागू पडावा असा कल्पिलेला आहे. कृष्णाकाठच्या एखाद्या गावातून सम्मेदशिखरजींच्या यात्रेला निघालेला पन्नास जणांचा संघ. त्यात पंचाहत्तरीच्या एक आक्का. गेली दोन वर्षे त्या एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, दुधाचे पातेले गॅसवर ठेवून विसरतात, नातवाला मुलाच्या नावाने हाक मारतात. घरचे म्हणतात, "वय झालं, चालायचंच." शिखरजींची वंदना घडावी ही आक्कांची जन्मभराची इच्छा, म्हणून मुलगा आणि सून त्यांना मोठ्या भक्तिभावाने घेऊन निघतात. रेल्वेचा लांबचा प्रवास, पारसनाथ स्थानक, तेथून मधुबन, अनोळखी धर्मशाळा आणि अपुरी झोप. आक्कांचे गुडघे साथ देत नाहीत, म्हणून त्यांना खोलीतच ठेवण्याचे ठरते. "आक्का, आम्ही डोंगरावर जाऊन येतो, तुम्ही इथंच थांबा," असे सून सांगते. आक्का मान डोलावतात. पहाटे दोन वाजता संघ निघतो.

तीन वाजता आक्का जाग्या होतात. खोली ओळखीची नाही, शेजारी कोणी नाही. त्या दार उघडून घर शोधायला बाहेर पडतात. धर्मशाळेचे फाटक उघडेच असते, कारण यात्रेकरूंची ये-जा सुरू झालेली असते. रस्त्याने पांढऱ्या वस्त्रांतील माणसे काठी टेकत चालली आहेत. त्यांत पांढऱ्या साडीतील आणखी एक वृद्धा कोणाच्या लक्षात यावी? पहारेकऱ्याला त्यांना अडवण्याचे काही कारण नाही. पत्त्याची चिठ्ठी पर्समध्ये, पर्स पिशवीत आणि पिशवी खोलीत. संघ दुपारी परततो तेव्हा खोली रिकामी आढळते. कोणाचा हेतू वाईट नव्हता, प्रेमही कमी नव्हते. तरीही शोध सुरू होण्यापूर्वीच दहा-अकरा तास निघून गेलेले असतात.

ज्या भूमीवर वीस तीर्थंकरांचे निर्वाण झाले, ते हे परमपावन क्षेत्र झारखंडमधील गिरिडीह जिल्ह्यात आहे. पर्वताची उंची सुमारे १३६५ मीटर. चढ नऊ किलोमीटर, टोंकांची वंदना नऊ आणि उतार नऊ, असा सत्तावीस किलोमीटरांचा फेरा, बराचसा घनदाट अरण्यातून जाणारा. धडधाकट माणसानेही वाट सोडली तर त्याला शोधणे कठीण; मग ज्याला आपले नाव सांगता येत नाही, त्याची काय कथा!

हा आजार दुर्मीळ आहे, असे कोणी समजू नये. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे या वयाच्या शंभरांपैकी सात जणांहून थोडे अधिक. स्त्रियांमध्ये आणि ग्रामीण भागात हे प्रमाण जास्त आढळले. यात्रेची गाडी साठीपुढच्या मंडळींनीच भरलेली असते, हे ध्यानात घेतले म्हणजे हा प्रश्न किती जवळचा आहे ते कळते.

स्मृतिभ्रंशाच्या प्रकारांपैकी अल्झायमर हा सर्वाधिक आढळणारा. जर्मन वैद्य आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये त्याचे वर्णन प्रथम मांडले. या आजारात मेंदूचे जे भाग आरंभीच झिजू लागतात, त्यांतच नव्या आठवणी साठवण्याचे आणि जागेचे भान ठेवण्याचे कार्य चालते. आपण कोठे आहोत याचा जणू नकाशा मेंदू कसा तयार करतो, या शोधासाठी २०१४ चे नोबेल पारितोषिक जॉन ओकीफ आणि मोझर दांपत्याला मिळाले. हा नकाशा घरात कसाबसा टिकून असतो, कारण तेथे चाळीस वर्षांची सवय मदतीला येते. प्रवासात ती सवयच काढून घेतली जाते. म्हणून घरात बऱ्यापैकी वावरणारी व्यक्ती धर्मशाळेच्या खोलीत एकाएकी गोंधळून जाते. त्यातच उपवास, कमी पाणी, चुकलेली औषधे आणि जागरण यांची भर पडली की गोंधळ आणखी वाढतो. अनेक रुग्णांची अस्वस्थता सायंकाळी व रात्री अधिक असते.

आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाचे अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा असे चार भेद सांगितले आहेत. वस्तूचे पहिले भान, तिच्याविषयी जिज्ञासा, तिचा निश्चय आणि तो निश्चय टिकवून धरणे, असा हा क्रम. आगमाची परिभाषा आणि वैद्यकशास्त्र ही दोन वेगळी क्षेत्रे आहेत; तरी आक्कांची अवस्था समजण्यास हा क्रम उपयोगी पडतो. "इथंच थांबा" हे शब्द त्यांनी ऐकले, त्यांचा अर्थ जाणला, होकारही दिला. धारणा मात्र झाली नाही. तो होकार खोटा नव्हता. तो टिकणारा नव्हता, एवढेच. म्हणून अशा व्यक्तीला सूचना देऊन निघून जाणे म्हणजे तिची व्यवस्था करणे नव्हे.

ज्ञान हे जीवाचे लक्षण आहे. ज्ञानावरणीय कर्माने ते झाकले जाते, नाहीसे होत नाही, ही आपली श्रद्धा. मुलाचे नाव विसरलेली आई णमोकार मंत्र मात्र अखंड म्हणते, हे अनेक घरांनी पाहिले असेल. लहानपणापासून जिभेवर रुळलेले पाठ पुष्कळदा उशिरापर्यंत टिकतात. तेव्हा "आता तिला काय कळतंय?" हे वाक्य श्रावकाच्या घरात शोभत नाही.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन हे एक अंग आहे. साधर्मीच्या उणिवेचा बोभाटा न करता ती झाकणे, असा त्याचा आशय. परंतु आजार ही उणीव नव्हे आणि तो लपवणे हे उपगूहन नव्हे. मुलीच्या लग्नाला अडचण येईल, लोक वेड लागले म्हणतील, या भीतीने घरे गप्प राहतात. यात्रेच्या अर्जावर मधुमेह लिहिला जातो, रक्तदाब लिहिला जातो. विसर लिहिला जात नाही. परिणामी गाडीतील एकोणपन्नास जणांना ठाऊकच नसते की पन्नासाव्या व्यक्तीकडे लक्ष ठेवायचे आहे. ती व्यक्ती मधुबनात हरवते असे दिसते, पण हरवण्याची तयारी घरातल्या या मौनानेच केलेली असते.

विसर वाढू लागताच वैद्यकीय तपासणी करावी, हे त्यामुळेच महत्त्वाचे. काही वेळा विस्मरणामागे थायरॉइडचा दोष, नैराश्य किंवा जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता असते आणि योग्य उपचारांनी सुधारणा होऊ शकते. हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य आहारात जवळजवळ नसते. ते दुधातून काही प्रमाणात मिळते. शाकाहारी समाजाने तर त्याची तपासणी आवर्जून करून घ्यावी.

मग अशा वृद्धांनी यात्रा करूच नये काय? तसे मुळीच नाही. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर जाणत्या सोबत्यासह प्रवास घडू शकतो. तो पुढच्या टप्प्यात असेल, तर सकाळी निघून दिवस मावळण्यापूर्वी घरी परतता येईल असे जवळचे क्षेत्र निवडावे. कुंभोज-बाहुबलीचे दर्शन ही या भागातील श्रावकाला कमी भाग्याची गोष्ट नाही. तेही शक्य नसेल तर अनेक मंदिरांत शिखरजींची रचना असते, तिच्यापुढे बसून भाववंदना करावी. आईची इच्छा पूर्ण करण्याच्या समाधानापेक्षा आईची सुरक्षितता मोठी.

दूरच्या यात्रेला न्यायचेच झाले तर काही नियम संघाने कटाक्षाने पाळावेत.

पहिला नियम, अशा व्यक्तीबरोबर दोन सोबती असावेत, म्हणजे एकाला वंदनेला किंवा स्नानाला जाता येईल आणि दुसरा जवळ राहील. एकट्या सुनेवर सारा भार टाकू नये. तिलाही दर्शनाची आस असते.

दुसरा नियम, ओळख अंगावर असावी. अभिषेक-पूजेच्या वेळी वस्त्रे बदलली जातात आणि नेमकी तेव्हाच खिशातील चिठ्ठी व मोबाईल खोलीत राहतात. म्हणून नाव, गाव आणि दोन दूरध्वनी क्रमांक लिहिलेली कापडी पट्टी प्रत्येक वस्त्राला आतून शिवावी, किंवा सहज न सुटणारा मनगटपट्टा बांधावा. मजकूर मराठीबरोबर हिंदीतही असावा. आजार वाढला की मागाहून शिकलेली भाषा आधी सुटते. बेळगाव-निपाणीकडून आलेली वृद्धा झारखंडात कन्नडमिश्रित मराठीच बोलणार, हे गृहीत धरावे.

तिसरा नियम, रोज सकाळी त्या दिवसाच्या वस्त्रांसह मोबाईलवर एक छायाचित्र काढावे. लग्नातला जुना फोटो शोधाच्या वेळी फारसा उपयोगी पडत नाही.

चौथा नियम, रात्री खोलीच्या दाराजवळ सोबत्याने झोपावे आणि धर्मशाळेच्या कार्यालयाला व पहारेकऱ्याला आधीच कल्पना द्यावी. रेल्वेत दारापासून दूरची, खालची जागा घ्यावी. प्रत्येक थांब्यावर नाव घेऊन हजेरी व्हावी. नुसती डोकी मोजू नयेत.

इतकी काळजी घेऊनही कोणी दिसेनासे झाले तर क्षणाचाही विलंब करू नये. चोवीस तास झाल्याखेरीज पोलीस तक्रार घेत नाहीत, हा समज चुकीचा आहे. जवळच्या पोलीस ठाण्यात ताबडतोब कळवावे. आपत्कालीन क्रमांक ११२, रेल्वेसाठी १३९ आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हे क्रमांक संघातील प्रत्येकाजवळ असावेत. एकाने खोलीतच थांबावे, कारण हरवलेली व्यक्ती कधी कधी आपणहून परतते. बाकीच्यांनी आधी जवळची जागा पिंजून काढावी. शोधकार्याचा अनुभव असा, की असे रुग्ण पुष्कळदा शेवटच्या ठिकाणापासून फार दूर नसतात. समोर दिसेल त्या वाटेने जात राहतात आणि झुडपात, नाल्यात, बंद पडक्या खोलीत अडकून बसतात. हाका ऐकूनही ते ओ देत नाहीत. म्हणून दुरून हाका मारून पुढे जाऊ नये. प्रत्येक आडोसा डोळ्यांनी पाहावा. डोलीवाले, दुकानदार, झाडलोट करणाऱ्या बाया यांना छायाचित्र दाखवावे. संघाने पुढच्या मुक्कामाला जाताना दोघांना तरी मागे ठेवावे.

प्रयागच्या मेळ्यात राजाराम तिवारी यांनी १९४६ मध्ये भुल्या-भटक्यांसाठी शिबिर सुरू केले आणि २०१६ मध्ये निधन होईपर्यंत हे व्रत चालवले. ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारून असंख्य ताटातुटी त्या शिबिराने सांधल्या. मात्र स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला स्वतःचे नाव पुकारले तरी ते आपलेच, हे उमगेलच असे नाही. त्याला नावाने ओळखणारा दुसराच कोणीतरी जागा असावा लागतो. सापडल्यावरही त्याला रागावू नये, "मला ओळखलं का?" म्हणून परीक्षा घेऊ नये, समोरून जाऊन हळुवार हात धरावा, पाणी द्यावे आणि वैद्याला दाखवावे.

आणि न सापडल्यास? मृत्यूचे दुःख काळ हळूहळू निववतो. हरवण्याच्या दुःखाला शेवटच नसतो. सुतक पाळावे की वाट पाहावी, हे घराला कळत नाही. सात वर्षे ठावठिकाणा न लागल्यास कायदा मृत्यूचे अनुमान करू देतो. मन ते अनुमान मानत नाही. दारावरची प्रत्येक थाप आईची वाटते. ज्या श्रावकाने जन्मभर समाधिमरणाची भावना भावली, त्याच्या अंतसमयी कानाशी णमोकार म्हणणारे कोणी नसावे, हे शल्य फार खोल असते. अशा घराला दोष देणे सोपे आहे. संघाने त्यांच्या दारी जावे, दोष देऊ नये.

आभ्यंतर तपांत वैयावृत्त्याची गणना आहे आणि षोडशकारण भावनांतही त्याला स्थान आहे. मुनिसेवेत आपला समाज कधी मागे पडला नाही. त्याच श्रद्धेने विसरभोळ्या झालेल्या वृद्धाची सेवा व्हावी. सुवर्णमहोत्सवी वर्षात संस्थेने यात्रेच्या अर्जात एका ओळीची भर घालावी: "स्मरणाची काही अडचण आहे काय?" ही माहिती यात्राप्रमुखाकडे गोपनीय राहील असा विश्वास द्यावा, ओळखपट्ट्या संस्थेनेच पुरवाव्यात आणि प्रत्येक यात्रेत चार तरुणांना केवळ याच कामासाठी नेमावे. त्या तरुणांचा प्रवासखर्च एखाद्या दात्याने उचलला तर ते दानही तीर्थवंदनेइतकेच पुण्यप्रद ठरेल.

ज्यांनी ही संस्था उभी केली त्यांना आता ती आठवत नसेल. संस्थेने त्यांना विसरू नये, एवढीच या मंगल प्रसंगी प्रार्थना.

जय जिनेंद्र!