ताऱ्याच्या अंतरंगाचा नाद



मडके घेताना ते बोटाने वाजवून पाहतात. आतली चीर डोळ्यांना दिसत नाही. नाद ती सांगतो. ताऱ्यांच्या अंतरंगाचा शोधही याच न्यायाने चालतो.

बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेजात विज्ञानव्याख्यानांची परंपरा रुजविणाऱ्या बंगलोर सायन्स फोरमची स्थापना १९६२ सालची. त्याच वर्षी रॉबर्ट लेटन व त्यांचे सहकारी यांनी एक शोध सविस्तर प्रसिद्ध केला : सूर्याचा पृष्ठभाग सुमारे पाच मिनिटांच्या आवर्तनाने वरखाली होतो. आत कोंडलेल्या ध्वनितरंगांचा हा परिणाम होय, हे पुढे उमगले.

हे तरंग अखंड मोजावे लागतात. पण प्रत्येक वेधशाळेवर रात्र ही येतेच. म्हणून १९९५ मध्ये पृथ्वीभोवती सहा केंद्रांची साखळी उभी राहिली. त्यांतील एक उदयपूरचे.

सूर्याचे विषुववृत्त सुमारे २५ दिवसांत फिरते, ध्रुवांजवळचा भाग सुमारे ३५ दिवसांत. त्रिज्येच्या बाहेरील सुमारे ३० टक्के भागात हा भेद टिकतो. त्याखालचा भाग मात्र जवळजवळ घन गोळ्यासारखा फिरतो, असे या तरंगांनी दाखविले. सूर्यडागांचे चुंबकत्व हेल यांनी १९०८ मध्येच ओळखले होते. त्याचा उगम या सीमेवर की पृष्ठभागालगत, हा वाद अद्याप मिटलेला नाही. सौरवादळे उपग्रह व वीजपुरवठा बिघडवू शकतात. त्यामुळे हा वाद केवळ पंडितांचा नव्हे.

दूरच्या ताऱ्यांचे बहुधा बिंबही दिसत नाही. त्यांच्या तेजातील सूक्ष्म कंप मात्र मोजता येतात. आणि तेवढ्यावरून त्यांचे अंतरंग बोलू लागते.