पीयूसीतली क्रेडिट्स आणि कुणाचे तास

(मेटगळ्ळी, म्हैसूर येथे मराठी कामगार कुटुंबांतल्या पीयूसी आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पीयूसीत असतानाच डिग्रीची क्रेडिट्स मिळवता येतात का, हा तुमचा प्रश्न. अमेरिकेत ही वाट जुनी आहे. १९५० च्या दशकापासून तिथली मुलं शाळेतूनच अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंटची परीक्षा देतात, आणि चांगले गुण मिळाले तर अनेक कॉलेजं क्रेडिट देतात. तेवढी फी वाचते. आपल्याकडे २०२१ मध्ये यूजीसीने क्रेडिटची बँक आणली, ती कॉलेजांपुरती. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने शाळाही त्यात घेतली. ३० तासांचं एक क्रेडिट, वर्षाला १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट्स.

पण खात्यात जमा झालेलं क्रेडिट पदवीत धरायचं की नाही, हे कॉलेज ठरवतं. त्यात नियमही बदलतात. कर्नाटकाने २०२४ मध्ये चार वर्षांची पदवी सोडून पुन्हा तीन वर्षांची आणली. तेव्हा 'बारावीआधीच एक सेमिस्टर पूर्ण' म्हणून कुणी पैसे मागितले, तर आधी विद्यापीठाचं लेखी उत्तर मागा. त्यातल्या त्यात जवळची वाट म्हणजे आयआयटी मद्रासची ऑनलाइन बीएस. अकरावीची परीक्षा दिली की अर्ज करता येतो. चार आठवडे अभ्यास, मग पात्रता परीक्षा, जेईई नाही. प्रत्यक्ष प्रवेश मात्र बारावी पास झाल्यावरच. अनुसूचित जाती-जमातींना फीत ७५ टक्क्यांपर्यंत सवलत आहे.

मला काळजी वेगळीच आहे. या आराखड्यात हाताच्या कामालाही क्रेडिट आहे. तत्त्व म्हणून मला ते पटतं. वेल्डिंग हे ज्ञानच आहे. पण १९५३ आठवा. मद्रास राज्यात राजाजींच्या सरकारने प्राथमिक शाळेचे तास कमी केले. उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकायचा! पेरियार आणि द्रविड चळवळीने त्याला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाचं शिक्षण, म्हणत रान उठवलं. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराजांनी योजना गुंडाळली.

आज मोठ्या शाळेतली मुलगी कोडिंगचे १२० तास भरेल, तिला चार क्रेडिट्स. इथल्या औद्योगिक वसाहतीत सुट्टीत हेल्परचं काम करणारा मुलगाही १२० तास उभा राहील. त्याचे तास कोण लिहिणार? ठेकेदार तर हजेरीसुद्धा धड लावत नाही. आणि लिहिलेच, तरी त्या क्रेडिट्सवर त्याला बीएस्सीचं दार उघडेल, की पुन्हा हेल्परचंच काम? कागदावर दोन्हींची किंमत सारखी आहे. प्रवेशाच्या खिडकीवर ती सारखी राहते का, हे आपण नोंदवून ठेवायला हवं: कुणाचा अर्ज परतला, काय कारण सांगितलं, तारीख काय.

शेवटचं, अपार आयडीचं. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं आहे, आणि इथल्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं नाव आणि आद्याक्षर. दोन्हीकडची नावं जुळली नाहीत तर आयडी अडकतो. ज्यांनी दाखला आणि आधार आणलंय, त्यांनी थांबा. एकेकाचं बघूया.