भिगवणची पहाट

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि सॉफ्टवेअरमधल्या संधींवर बोल, असं सांगितलं होतं. मी विषय बदलून मागितला. आपल्यातल्या कितीतरी जणांची मुलं आता याच क्षेत्रात आहेत, त्यांना त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी आज एका सहलीबद्दल बोलणार आहे. गेल्या फेब्रुवारीत आपल्या वर्गातल्या आम्ही सहा जणी भिगवणला होडीतून पक्षी बघायला गेलो. फोटो तुम्ही ग्रुपवर पाहिलेच आहेत. पण ती सहल आधी दोनदा का फिसकटली आणि तिसऱ्यांदा कशी जमली, ते मी ग्रुपवर लिहिलं नव्हतं.

नववीत आपली सहल येलदरीला गेली होती, आठवतं का? जिंतूरच्या पुढे, पूर्णा नदीवरचं धरण. भूगोलाचे सर आपल्याला ओळीत उभं करून पूर्णा पुढे गोदावरीला कशी मिळते ते सांगत होते. माझं आणि माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचं सगळं लक्ष खाली जाळं टाकणाऱ्या होडीकडे. आम्ही सरांच्या मागे लागलो, सर, एक चक्कर! सर म्हणाले, “पोहता येतं का? नाही ना? मग होडी नंतर.” ते ‘नंतर’ तीस वर्षं लांबलं. सर, तुम्ही समोर बसला आहात, तक्रार करत नाही. आम्हाला अजूनही पोहता येत नाही.

ही मैत्रीण आज सभागृहात आहे. तिला विचारूनच सांगते आहे. “नाव घेऊ नको, बाकी सांग,” म्हणाली. ओळखणारे ओळखतीलच, कारण गणितात वर्गात पहिली कोण यायची ते सगळ्यांना माहीत आहे. ती मी नव्हते.

आता भिगवणबद्दल थोडं. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात भीमेवर उजनीचं धरण आहे, ते १९८० मध्ये पूर्ण झालं. त्याचं पाणी मागे पसरत पुणे जिल्ह्यात भिगवणपर्यंत येतं. हिवाळ्यानंतर पाणी उतरू लागलं की काठाला उथळ चिखल उघडा पडतो आणि त्यात फ्लेमिंगो उतरतात. आपण मराठीत त्यांना रोहित म्हणतो. कच्छच्या रणात ते पिल्लं वाढवतात आणि खाण्यासाठी इकडे येतात. कुंभारगाव, डिकसळ इथले मासेमार आपल्या होडीतून लोकांना पक्षी दाखवायला नेतात. पहाटे जायचं, कारण तेव्हा वारा नसतो, पाणी स्थिर असतं आणि उजेड कोवळा असतो.

पुण्यापासून हे शंभर-एक किलोमीटर. मी पंचवीस वर्षं पुण्यात राहते. मला वाटलं, ही सहल ठरवणं म्हणजे माझ्या हातचा मळ. तुमच्यासारख्या पाच जणींना परभणीहून आणायचं, एवढंच तर काम. मी एक्सेलमध्ये तक्ता केला. शुक्रवारी रात्री परभणीहून गाडी, शनिवारी पुण्यात हॉटेल, रविवारी पहाटे चारला निघायचं, साडेसहाला काठावर, परत पुणे, रात्रीची गाडी. प्रत्येकीचा खर्च वेगळ्या रकान्यात. तक्ता ग्रुपवर टाकला. चौघी म्हणाल्या, “येते.” एक म्हणाली, “बघू.”

आपल्याकडे ‘बघू’चा अर्थ काय, हे मला कळायला हवं होतं. मी कंपनीत इतकी वर्षं काढली आहेत की ‘बघू’ म्हणजे मला ‘अजून निर्णय व्हायचा आहे’ असं वाटतं. निघायच्या चार दिवस आधी तिचा मेसेज आला, “मला नाही जमत, तुम्ही जा.” ती नाही म्हटल्यावर अजून दोघी गळाल्या. पुढच्या वर्षी मी तक्ता सुधारला, स्वस्त हॉटेल शोधलं, खर्च कमी केला. पुन्हा ‘बघू’, पुन्हा तेच. मी मनात म्हटलं, हिला यायचंच नसेल. खरं सांगते, मला रागही आला.

तिसऱ्या वर्षी मी तक्ता करायच्या आधी तिला फोन केला. विचारलं, “खरं सांग, तुझं अडतं कुठं?” ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, सासूबाई अंथरुणाला आहेत, दोन पूर्ण दिवस त्यांना कुणावर टाकता येत नाही. एक रविवार नणंद थांबेल. पण शनिवार-रविवार दोन्ही नाही. आणि मग तिने मला विचारलं,

“अगं, पण आम्हाला पुण्याला कामून न्यायलीस? आपली गाडी भिगवणवरूनच तर जाते.”

मी गप्प. लातूर, कुर्डुवाडीवरून पुण्याला जाणारी आपली रात्रीची गाडी भीमेवरचा पूल ओलांडते, भिगवण मागे टाकते आणि मग दौंडला येते. मी पाच बायकांना भिगवणच्या दारावरून पुण्याला नेणार होते आणि दुसऱ्या दिवशी शंभर किलोमीटर परत मागे आणणार होते. वर त्यासाठी हॉटेलचं बिल! नकाशा माझ्या मोबाईलमध्ये होता, पण मी तो पुण्यातून बघत होते.

मी विचारलं, “तुला कसं माहीत?” ती म्हणाली, “सासूबाईंना दर दोन-तीन महिन्यांनी पुण्याला दवाखान्यात न्यायचे ना, त्या चालत्या-फिरत्या होत्या तेव्हा. त्या गाडीत मला झोप लागत नाही. दौंडच्या आधी दोन्ही बाजूंनी पाणी लागतं. चांदणं असलं की चमकतं. मला नेहमी वाटायचं, इथं दिवसा यावं.”

चार वर्षं ती पुण्याला येत होती. पहाटे स्टेशनवर उतरायची, म्हाताऱ्या माणसाला घेऊन बाकावर बसायची, उजाडल्यावर रिक्षा करायची. स्टेशनपासून माझं घर वीस मिनिटांवर आहे. मी म्हटलं, “मला एक फोन का नाही केलास?” तर म्हणाली, “तू कामात असशील. आणि तुझ्या घरी पहाटे पाचला कसं यायचं?” मित्रांनो, तीन वर्षं एका बाकावर बसलो, एका डब्यातलं खाल्लं आणि ही माझ्या गावात परक्यासारखी स्टेशनवर बसत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग आम्ही दोघींनी मिळून नवा बेत केला. गणित तिचं, टायपिंग माझं. आमच्या कामात एक साधी रीत आहे. शेवटची न हलणारी वेळ धरायची आणि तिथून उलट मोजत यायचं. फेब्रुवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून होडी पावणेसातला. काठावर साडेसहाला पोहोचायचं. दौंडहून कुरकुंभला येऊन सोलापूर हायवे धरला की भिगवण, तिथून पुढे आत वळून काठ, असा अंधारातला तासभर. वाटेत चहाला वीस मिनिटं. उरला तो वेळ रेल्वेच्या उशिरासाठी राखून ठेवायचा. शनिवारी संध्याकाळी परभणी सोडायची, रविवारी रात्री दौंडहून परतीची गाडी, सोमवारी पहाटे घरी. हॉटेल नाही. दिवस मोडायचा तो एकच, रविवार.

आणखी एक अडचण निघाली. तिच्या मुलाने हरकत घेतली. मे २०२४ मध्ये याच उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले, ते त्याने वाचलं होतं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी त्याला शब्द दिला, लाईफ जॅकेटशिवाय कुणी होडीत पाय ठेवणार नाही, होडीत जास्त माणसं घेणार नाही, आणि वारा असेल तर काठावरूनच पक्षी बघून परत येऊ. आदल्या संध्याकाळी होडीवाल्या दादांना फोन करून तिन्ही गोष्टी पक्क्या केल्या. पाणी किती उतरलं आहे आणि पक्षी कुठल्या बाजूला आहेत, तेही विचारलं. कुणी जाणार असाल तर हा फोन चुकवू नका.

मी शनिवारी संध्याकाळी सातलाच झोपले आणि रात्री दोनला पुण्याहून एकटी गाडी घेऊन निघाले. पहाटेच्या ड्राइव्हचे फोटो छान येतात, पण अंधारात त्या रस्त्यावर खरी भीती असते ती उसाच्या ट्रॉल्यांची. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, अचानक समोर उसाची भिंत उभी. मी साठच्या वर गेले नाही. दौंडला पोहोचले, गाडी पाऊण तास उशिरा आली, आणि राखून ठेवलेला वेळ बरोबर तिथे कामाला आला. डब्यातून पाच जणी उतरल्या. शाल, कानटोप्या, हातात डबे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, धपाटे. मी म्हटलं, दोन तासांच्या होडीला एवढं? तर म्हणाल्या, “गप बस, तुला तिकडं कोण करून घालतंय?”

कुरकुंभ सोडल्यावर पूर्वेकडे फटफटायला लागलं. उसाच्या फडांवर धुकं, आणि कडेला ऊसतोडणी कामगारांच्या कोप्यांपुढे चुली पेटलेल्या. गाडीतली बडबड थांबली. मागून एक जण म्हणाली, “आपल्याकडचीच माणसं असतील.” असतीलही. पाथरी, सोनपेठ, गंगाखेडकडून दरवर्षी किती बिऱ्हाडं निघतात, ते आपण जाणतो. आम्ही पक्षी बघायला उठलो होतो, त्या बाया कोयता घेऊन कामाला.

साडेसहाला आम्ही काठावर होतो. जॅकेटं घातली, एकमेकींना बघून हसून घेतलं. होडी निघाली. आधी पट्टकदंब दिसले, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस, हिमालय ओलांडून येणारे. मग चित्रबलाक, शराटी, पाण्यावर सूर मारणारे सुरय. आणि मग लांब एक फिकट गुलाबी रेघ. दादांनी मशीन बंद केलं आणि बांबूने होडी पुढे सरकवली. शेकडो रोहित, मान खाली, चोच उलटी करून चिखल गाळत होते. त्यांचा रंगही त्या खाण्यातूनच येतो. पिल्लं मळकट करडी असतात. आमच्यातली एक म्हणाली, “दादा, जरा उडवा ना, फोटो घेते.” दादा म्हणाले, “नाही ताई. ती पोट भरायला आली आहेत. आपण उडवलं की त्यांची न्याहारी मोडते.” ती लगेच गप्प बसली. थोड्या वेळाने पाच-सहा पक्षी आपणहून उडाले. पंखाखालचा लाल आणि काळा रंग एकदम उघडला. फोटो कुणीच काढला नाही, सगळ्या नुसत्या बघत राहिलो.

दादांनी पाण्याकडे बोट करून सांगितलं, आजोबांची जमीन याच्याखाली आहे. पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळही वर येतं. माझी मैत्रीण होडीच्या टोकाला बसली होती, एक हात पाण्यात. तिकडे रेल्वेचा पूल दिसतो का, असं तिने दादांना विचारलं. दादांनी दिशा दाखवली. ती बराच वेळ तिकडे बघत होती. मग मला म्हणाली, “रात्री तिकडून हे काळं दिसतं गं.” एवढंच.

उन्हं वर आल्यावर काठावर धपाटे संपवले, वर चिलापीचं कालवण आणि भाकरी. दुपारी मी झाडाखाली दोन तास झोपले, कारण परत गाडी मलाच चालवायची होती. रात्री त्यांना दौंडला बसवून दिलं.

आता मी हे सगळं का सांगितलं? माझी आज सगळ्यांना एक विनंती आहे. आपल्या स्मरणिकेत सगळ्यांचे फोन नंबर छापले जात आहेत. त्या यादीत पुण्यात राहणारे आपण चौदा जण आहोत. परभणीहून पुण्याला सहलीला थोडे येतात, दवाखान्याला जास्त येतात. आम्ही चौदा जणांनी आपसात वार वाटून घेतले आहेत. वर्गातलं कुणीही, किंवा त्यांच्या घरचं कुणीही, रात्रीच्या गाडीने येणार असेल तर आदल्या दिवशी एक मेसेज करा. स्टेशनवर आपलं माणूस असेल, आणि उजाडेपर्यंत बसायला घर असेल. गेल्या सहा महिन्यांत तिघांनी असा मेसेज केला. बाकीच्यांनी ‘बघू’ म्हणू नका. म्हणालात, तर मी फोन करणार आहे.

आणि पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा भिगवण. बेत आमची गणितवालीच करणार आहे. सर, तुमच्यासाठी एक जागा राखून ठेवली आहे. पोहता येत नसलं तरी चालेल, जॅकेट देऊ.